पुण्यात रोज ये-जा करताना धूर कमी कसा खायचा

कोथरूडहून स्टेशनला रोज टू व्हीलरवर जात असाल तर घरी आल्यावर एकदा पांढऱ्या रुमालाने नाक पुसून बघा, काळी रेघ येते. आणि ही तर नुसती जाडी धूळ, नाकातच अडकलेली, खरा घात पीएम २.५ करतो, म्हणजे २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, ते थेट फुफ्फुसात खोल जातात.

त्यामुळे स्कार्फच्या भरवशावर राहू नका. उन्हाला ठीक आहे, पण बारीक कण कापडातून आरपार जातात. एन९५ घ्या, आधी मास्क मग हेल्मेट, नाकावरची पट्टी नीट दाबा आणि जोरात श्वास सोडून बघा, चष्म्यावर वाफ आली की समजा वर फट राहिलीय. (वायू मात्र यानेही अडत नाहीत.)

सगळ्यात जास्त धूर आपण सिग्नलला खातो. गॅप दिसली की घुसतो आणि नेमके टेम्पोच्या सायलेन्सरमागे जाऊन थांबतो! तिथे थांबूच नका, जरा मागे राहा नाहीतर सरळ पुढे जा, आणि इंजिन बंद करा.

रस्ता बदलता आला तर बदला. कर्वे रोडऐवजी प्रभात रोडच्या आतल्या गल्ल्यांतून पाच मिनिटं जास्त लागतील, पण मोठ्या रस्त्यापासून थोडं आत गेलं तरी धूर बराच कमी होतो. सायकलवाल्यांनी तर हे कराच, पेडल मारताना श्वास दुप्पट-तिप्पट घेतला जातो.

कारमध्ये काचा बंद आणि आतलीच हवा फिरवणारं बटण चालू, पण चार जण असाल तर मधून मधून बाहेरची हवा घ्या नाहीतर गुदमरल्यासारखं होतं आणि झोप येते. रिक्षा चहूबाजूंनी उघडी, तिथेही मास्क हवाच. वनाझ-रामवाडी मेट्रो तुमच्या वाटेवर असेल तर माझं मत मेट्रोलाच, डबा बंद आणि लाइन रस्त्याच्या वरून.

थंडीत सकाळी गार हवा खाली बसते आणि धूर वर जातच नाही, तेव्हा निघण्याआधी पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, हवा किती खराब आहे ते सांगणारं सफर ॲप बघत जा.

आणि स्कूटरवर पुढे लहान मूल उभं करत असाल तर त्याचं तोंड बरोबर पुढच्या गाडीच्या धुरात येतं हो. मोठ्यांचा मास्क त्याला ढिला होतो, त्याच्या मापाचा आणा, आणि जमलं तर त्याला शाळेत गल्लीबोळातूनच सोडा.