सिंफनी ऑर्केस्ट्रा ऐकायला जायचंय? आधी खुर्ची ठरवा

पहिल्या खेपेला मी हौसेनं तिसऱ्या रांगेतली जागा घेतली होती. दोन तास समोर दिसत होते ते चेलो (गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन) वाजवणाऱ्यांचे बूट. कानावर येत होती ती जवळची तीन-चार व्हायोलिनं. मागची हॉर्न आणि ट्रॉम्बोन ही पितळी फुंकवाद्यं शेजारच्या इमारतीत वाजत असावीत असं वाटत होतं. वादक उत्तम होते, चुकली होती ती माझी खुर्ची. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी आधी जागेबद्दलच सांगतो. कपडे, शिष्टाचार, इतिहास हे सगळं नंतर.

सिंफनी ऑर्केस्ट्रात, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदात, ऐंशी ते शंभर वादक असतात आणि सहसा एकाही वाद्यापुढे माइक नसतो. तुमच्यापर्यंत येणाऱ्या आवाजात वाद्याकडून थेट आलेला भाग थोडाच असतो. बराचसा आवाज भिंतींवर आणि छतावर आपटून, वळसा घालून येतो. दालन हेही एक वाद्यच आहे आणि आपण त्याच्या पोटात बसलेले असतो.

१. दालनाचा नकाशा बघा

तिकिटाच्या पानावर आसनांचा नकाशा असतो. किंमत बघण्याआधी आकार बघा.

लांबट, अरुंद, उंच छताचं दालन असेल तर ते ‘शूबॉक्स’, म्हणजे बुटांच्या खोक्यासारखं. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमधलं 1870 सालचं सोनेरी दालन याच घाटाचं आहे: लांबी सुमारे 49 मीटर, रुंदी मात्र जेमतेम 19. बाजूच्या भिंती जवळ असल्यानं परावर्तित आवाज दोन्ही कानांवर लगेच येतो आणि आपण सुरांनी वेढले गेलोय असं वाटतं. अशा दालनात मधल्या बहुतेक जागा चांगल्याच असतात.

दुसरा घाट ‘व्हाइनयार्ड’चा. ऑर्केस्ट्रा जवळपास मध्यभागी आणि चहूबाजूंनी द्राक्षमळ्यासारखे चढत जाणारे प्रेक्षकांचे टप्पे. वास्तुकार हान्स शारून यांनी बर्लिनच्या फिलहार्मोनी या दालनात 1963 साली हे करून दाखवलं. इथे कुठेही बसलात तरी वादक जवळच वाटतात, पण कोणत्या बाजूला बसता त्यावर ऐकू येणारं चित्र बदलतं.

दालन घडवणं किती अवघड असतं याचं उदाहरण न्यूयॉर्कमध्ये आहे. लिंकन सेंटरमधलं फिलहार्मोनिक हॉल 1962 मध्ये उघडलं आणि आवाजाबद्दल तक्रारी सुरू झाल्या. 1976 मध्ये ते आतून नव्यानं बांधलं आणि 2022 मध्ये पुन्हा एकदा. शेवटच्या खेपेला तर पाचशेहून जास्त खुर्च्या कमी केल्या. तेव्हा ‘प्रसिद्ध दालन आहे, कुठेही बसू’ असं म्हणू नका.

२. आता खुर्ची

तळमजल्यावर साधारण दहाव्या ते अठराव्या रांगेत, मध्याच्या आसपास. किंवा पहिल्या बाल्कनीची पुढची रांग. डोळे मिटून घ्याव्यात अशा या जागा आहेत.

बाल्कनीच्या छपराखाली खोल आत बसणं टाळा. वरून येणारा आवाज तिथे पोचतच नाही आणि संगीत एखाद्या खिडकीतून ऐकल्यासारखं लागतं. पुढच्या उघड्या तोंडाच्या उंचीपेक्षा छपराखालचा भाग जास्त आत गेलेला असेल, तर मागच्या रांगा सोडूनच द्या.

अगदी वरची, स्वस्तातली बाल्कनी मात्र हिणवू नका. तिथे सगळी वाद्यं छान मिसळून येतात आणि कोण कधी वाजवतंय तेही स्पष्ट दिसतं. महागडं तिकीट घेऊन तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसापेक्षा (म्हणजे माझ्यापेक्षा) वरचा विद्यार्थी जास्त ऐकत असतो.

ऑर्केस्ट्राच्या मागे जागा असतील तर तिथून कंडक्टरचा, म्हणजे समोर उभं राहून हातांच्या इशाऱ्यांनी ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याचा, चेहरा दिसतो, आणि ती मजा वेगळीच. पण हॉर्नची तोंडं मागे वळलेली असतात, म्हणजे नेमकी तुमच्याकडे. गायक असेल तर त्याचा आवाज उलट दिशेला जातो. पियानो असेल तर त्याचं झाकण श्रोत्यांच्या बाजूला उघडतं आणि मागे पोचतो तो गढूळ आवाज. त्यामुळे गायक किंवा पियानो असेल त्या दिवशी मागे बसू नका. पियानिस्टचे हात बघायचे असतील तर मंचाकडे तोंड करून डावीकडच्या जागा घ्या.

३. घरी एकच कृती ऐकून जा

कार्यक्रम सहसा असा असतो: दहा-बारा मिनिटांची छोटी रचना, मग कॉन्चेर्तो (एकल वाद्य आणि त्याला ऑर्केस्ट्राची साथ), मध्यंतर आणि शेवटी मोठी सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली अनेक भागांची लांब रचना. सगळं ऐकून जायचा अट्टहास नको. सिंफनी तेवढी दोनदा ऐका. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा एकाच वाद्याचा पाठलाग करत.

पहिल्या वेळेसाठी संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी किंवा बीथोव्हनची पाचवी असेल तर फारच छान. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत झांज वाजवणारा सबंध वेळ बसून असतो आणि चौथ्या भागात फक्त एकदाच वाजवतो, तेही हलकेच. तो क्षण पकडता आला तर तुम्ही खरंच ऐकत होतात! बीथोव्हनच्या पाचवीत ट्रॉम्बोनवाले तीन भाग गप्प बसतात. तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो आणि तिथे ते पहिल्यांदा तोंड उघडतात. मालरची तिसरी सिंफनी साधारण शंभर मिनिटांची आहे. ती पुढच्या वर्षासाठी ठेवा.

४. दालनात

अर्धा तास आधी पोचा. उशीर झाला तर सहसा एखादी रचना संपेपर्यंत दाराबाहेर थांबवतात. फोन बंद करा, थरथरणाऱ्या मोडवर नको. खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून ठेवा. कपडे नीटनेटके असले की झालं.

लवकर पोचण्याचा खरा फायदा वेगळाच आहे. वादक आपापल्या अवघड जागा घोटत बसलेले असतात आणि पुढे काय येणार याचे तुकडे त्या गोंगाटात सापडतात. मग पहिल्या व्हायोलिनांचा प्रमुख उभा राहतो आणि ओबो (सनईसारखं फुंकवाद्य) वाजवणारा एक लांब सूर देतो, सगळ्यांनी आपली वाद्यं जुळवून घ्यावीत म्हणून. त्याची कंपनसंख्या सेकंदाला 440, युरोपातल्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांत 442 किंवा 443. ओबोचा सूर स्थिर आणि टोकदार, गर्दीतूनही ऐकू येणारा, म्हणून हा मान त्याला. मंचावर पियानो असेल तर मात्र सूर पियानोचा घेतात, कारण तो ऐनवेळी बदलता येत नाही.

५. टाळ्या कधी?

सिंफनीचे बहुधा चार भाग असतात, मूव्हमेंट म्हणतात ते. मधल्या विरामात हल्ली टाळ्या वाजवत नाहीत. कार्यक्रमपत्रिकेतून भाग मोजत जा, पण त्याहून सोपी खूण म्हणजे कंडक्टरचे हात. ते खाली येऊन तो श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबा. चायकोव्हस्कीची सहावी यात भल्याभल्यांना फसवते. तिसरा भाग एवढ्या दणक्यात संपतो की टाळ्या पडतातच, आणि खरा शेवट चौथ्या भागात विझत विझत जाणारा असतो.

कुणी मध्येच टाळ्या वाजवल्या तर डोळे वटारू नका. मोझार्टनं 1778 मध्ये पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात श्रोत्यांनी वाजवणं चालू असतानाच टाळ्या दिल्याचं आनंदानं कळवलंय.

६. शेवटचे दोन सेकंद

हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहात बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. 1895 च्या सुमारास वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते सुधारण्याचं काम आलं. तो रात्री शेजारच्या थिएटरमधल्या गाद्या तिथे वाहून आणायचा आणि ऑर्गनची एक नळी वाजवून हातातल्या घड्याळावर घुमारा मोजायचा. दालन जितकं मोठं तितका घुमारा लांबतो आणि आवाज शोषणारे पृष्ठभाग वाढले की तो आखडतो, हे त्यानं आकड्यांत मांडलं. 1900 मध्ये बॉस्टनचं सिंफनी हॉल त्याच हिशेबानं उभं राहिलं. आवाज शोषणाऱ्या त्या गाद्यांच्या यादीत तुम्हीही आहात: श्रोत्यांनी भरलेलं दालन आणि सरावाच्या वेळचं रिकामं दालन सारखं वाजत नाही.

चांगल्या दालनात हा घुमारा दोन सेकंदांच्या आसपास असतो. शेवटचा सूर जोरकस असेल तर वादकांचे गज थांबल्यावर लगेच हात उचलू नका. तो सूर छताकडे जाऊन कुठे विरतो ते ऐका. मग टाळ्या वाजवा, आणि बाहेर पडताना कार्यक्रमपत्रिकेवर खुर्चीचा क्रमांक आणि काय कमी ऐकू आलं ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी नकाशा उघडाल तेव्हा कुठे सरकायचं ते त्यावरून ठरेल.