एबीएसचा पिवळा दिवा: सेन्सर विकत घेण्याआधी हे बघा

एबीएसचा पिवळा दिवा लागला की गिऱ्हाईक आधी विचारतं, गाडी चालवू का? एकटा पिवळा दिवा असेल तर चालवा. साधे ब्रेक लागतात, फक्त एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंद असते. ओल्या रस्त्यावर अंतर वाढवा आणि फोंडा घाट उतरायचा बेत असेल तर आधी काम करून घ्या. पिवळ्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर मात्र गाडी जागेवर ठेवा. ब्रेक ऑइल उतरलेलं असू शकतं, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारं ईबीडीही बंद पडलेलं असतं. मग मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी फिरते.

कणकवलीत मी गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. एप्रिल २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं, तेव्हापासून छोट्यातल्या छोट्या गाडीतही हे काम येतं. आणि सगळीकडे तीच घाई दिसते: बिघाडाचा कोड वाचणारा स्कॅनर लावला, ‘पुढचा डावा सेन्सर’ असं आलं, की सेन्सर मागवला. कोड चाक कुठलं ते सांगतो. बिघाड चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आहे, वायरमध्ये आहे, वायर जोडणाऱ्या कपलरमध्ये आहे की सेन्सर जिच्यावरून वेग वाचतो त्या चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगमध्ये, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

चावी ऑन करा. दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. जुनी गाडी घेताना हे आवर्जून बघा. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी, एबीएसचे फ्यूज आणि बॅटरी. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. व्होल्टेज पडलं की एबीएसचं युनिट, म्हणजे ते चालवणारा डबा, स्वतःला बंद करून घेतं, आणि लोक चाकं खोलत बसतात.

मोबाइलला जोडायचे स्वस्तातले स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनचेच कोड वाचतात. एबीएसचं युनिट वाचणारा हवा. त्यावर चारही चाकांचा वेग लाइव्ह दिसतो. दुसऱ्याला गाडी चालवायला द्या, २० च्या वेगाने सरळ न्या आणि स्क्रीन बघा. तीन चाकं २० दाखवतात आणि एक शून्य, किंवा मधेच पडून परत येतं. तेच चाक खोलायचं.

हँडब्रेक ओढा, बाकीच्या चाकांना उटी (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा लाकूड) लावा, जॅकवर उचलून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकवर हात घालू नका. मग सेन्सरपासून कपलरपर्यंत वायर बोटांनी चाचपत जा. शॉकअपजवळच्या क्लिपपाशी थांबा. स्टिअरिंग वळलं की वायर तिथेच वाकते, आतली तार तुटते आणि वरचं रबर मात्र शाबूत दिसतं. मल्टिमीटर लावून वायर हलवत राहा, बीप तुटली की जागा सापडली. या वाकणाऱ्या भागात जोड देऊ नका. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारी वायर पुन्हा तुटते, तिथे अख्खी वायरच बदला. कपलर उघडलात आणि पिनांवर हिरवी पूड दिसली, तर पाणी गेलंय. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकवा, रबर सील बघा. भात कापून झालं की उंदीर बॉनेटमध्ये शिरतात, तेव्हा कुरतडलेली वायरही शोधा.

सेन्सर तपासताना त्याची जात ओळखा. जुन्या पद्धतीच्या सेन्सरला दोन पिनांत बहुधा १ ते २ किलोओहम मिळतात, आणि चाक हाताने फिरवलं की एसी व्होल्टेज हलतं. नव्या पद्धतीच्या सेन्सरला ओहम मीटर लावून काही कळत नाही. त्याचा कपलर काढा, चावी ऑन करा आणि गाडीकडून व्होल्टेज येतंय का बघा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत सेन्सर गंजून भोकात घट्ट बसतो. वायर धरून ओढलात तर टोक आत तुटून राहील. गंज सोडवणारं तेल मारा, वेळ द्या आणि डावी-उजवीकडे हलवत काढा.

आता रिंग. गाडी थांबत आली की पायाखाली पेडल टरटरत असेल, तर दातेरी रिंग तडकलेली असण्याची शक्यता मोठी. एक्सलवरच्या रिंगवर टॉर्च मारून चाक पूर्ण फिरवा. तडा केसाएवढा असतो आणि लाल चिखलात लपतो. बऱ्याच नव्या गाड्यांत दातेच नसतात, बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. एक टॅक्सीवाला आला होता, म्हणाला, ‘‘भाऊ, नवो सेन्सर घातलंय, तरी दिवो जाणा नाय.’’ त्याआधी दुसरीकडे बेअरिंग बदललं होतं. खोलून बघितलं तर बेअरिंग उलटं बसवलेलं, चुंबकीय बाजू सेन्सरच्या विरुद्ध. दाबून काढलेलं बेअरिंग परत वापरता येत नाही, म्हणजे त्याचा खर्च दोनदा झाला. म्हणून बेअरिंग प्रेसने दाबून बसवण्याआधी दोन्ही बाजूंना हलकी टाचणी टेकवून बघा. जी बाजू तिला ओढते, ती सेन्सरकडे. मोठं चुंबक मात्र जवळ आणू नका, पट्टी बिघडते.

काम झाल्यावर कोड पुसा आणि गाडी फिरवा. काही गाड्यांत थोडा वेग घेतल्याशिवाय दिवा विझत नाही. मग रिकाम्या मातीच्या रस्त्यावर ३० च्या वेगाने ब्रेक कचकन दाबा. पेडल थरथरलं आणि स्टिअरिंग हातात राहिलं, तर एबीएस चालू झालं.

कोड पंपाचा किंवा युनिटचा असेल तर आधी त्याची अर्थिंगची वायर आणि मोठा कपलर साफ करा. तेवढ्याने नाही गेला, तर युनिट स्वतः उघडू नका. त्याचे पाइप सुटले की आत हवा जाते, आणि ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनरने पंप चालवावा लागतो.