नवख्यांनी स्नोबोर्ड कसा निवडावा: आधी बूट, मग बाकीचं

गुलमर्गला स्नोबोर्ड शिकायला निघालेले ओळखीचे लोक मला फोन करतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बोर्ड कोणता घेऊ? बोर्ड भाड्याने मिळतो, बदलताही येतो. आधी बुटांचं बोला.

पहिल्या हिवाळ्यात मी तिथल्या एका दुकानातून दोन नंबर मोठे बूट भाड्याने घेतले. दुकानदाराने मोज्यांच्या दोन जोड्या चढवायला सांगितल्या आणि मी ऐकलं. उतारावर चवड्यांवर वजन टाकलं की बुटाच्या आत टाच वर उचलली जायची आणि बोर्ड ढिम्म हलायचा नाही. तीन दिवस वाटत राहिलं, आपल्याला हे जमणार नाही. चौथ्या दिवशी मोजा काढला तर अंगठ्याचं नख काळंनिळं. पाय पुढे सरकून बुटाच्या टोकावर आपटत होता.

म्हणून पाय घरूनच मोजून न्या. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभं राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. दोन्ही पाय मोजा, मोठं माप धरा. स्नोबोर्डच्या बुटांवर हे माप सेंटिमीटरमध्ये छापलेलं असतं. पाय २६ सेंटिमीटरचा असेल तर २६ पासूनच घालून बघायला लागा. रोजच्या बुटांचा नंबर इथे कामाचा नाही.

मोजा एकच, पातळ, लोकरीचा, पोटरीपर्यंत येणारा. जाड मोज्याने पाय आवळतो आणि उलट जास्त गारठतो. बुटात पाय घातल्यावर टाच दोनतीनदा जमिनीवर आपटा, म्हणजे ती मागे नीट बसते. मगच लेस आवळा, आधी आतल्या बुटाची (कडक बाहेरच्या बुटात बसणाऱ्या, सुट्या निघणाऱ्या मऊ बुटाची), नंतर बाहेरची. सरळ उभं राहिल्यावर बोटं टोकाला हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की किंचित मागे आली पाहिजेत. आता सोबतच्या माणसाला बूट जमिनीवर दाबून धरायला सांगा आणि आतली टाच उचलून बघा. उचलली गेली तर ती जोडी परत करा, दुकानदार काहीही म्हणो. टाच जागची हलली नाही तर बूट घालून १५ मिनिटं फिरा. मुंग्या आल्या तर तीही जोडी नको.

विकत घ्यायचे असतील तर घट्टच घ्या, कारण काही दिवसांच्या वापराने आतला फोम दबतो आणि बूट सैल होतात. पहिल्या वर्षी एकच गोष्ट विकत घ्यायची ऐपत असेल तर ती बूटच असू द्या.

बोर्ड लवचिक हवा. हनुवटीपर्यंत उंची हा ढोबळ अंदाज झाला, लांबी खरी ठरते ती वजनावरून. कंपनीचा तक्ता बघा. पाय मोठा असेल तर रुंद बोर्ड मागा, नाहीतर वळताना बुटाची टोकं बर्फात घासतात. भाड्याच्या बोर्डाच्या कडांना गंज आणि तळाला खोल चरे नाहीत ना, हे तपासा.

मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरा. जो पाय आपसूक पुढे जातो, तोच बोर्डावर पुढे. बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला जखडणारे पट्टे, पुढच्या पायाचे १५ अंश पुढे वळवलेले आणि मागच्या पायाचे उलट दिशेला ६ ते ९ अंश, एवढ्यावर सुरुवात करा.

हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड हवेतच. नवखा पडताना हात टेकतो आणि मनगट मोडतं. गॉगल लागतोच. जीन्स आणि सुती बनियन हॉटेलवर ठेवा, ओलं सूत अंगातली ऊब खेचून घेतं.

गोंडोलाचा, म्हणजे गुलमर्गच्या केबल कारचा, दुसरा टप्पा अफरवट पर्वतावर ३,९०० मीटरच्या वर नेतो. तिथे हिमस्खलनाचा धोका असतो. शिकताना खालच्या सौम्य उतारांवरच राहा.

रात्री आतले बूट बाहेर काढून खोलीत वाळत ठेवा, पण बुखारीपासून, म्हणजे खोली तापवणाऱ्या शेगडीपासून, चांगले लांब. फार जवळ ठेवले तर फोमचा आकार बिघडतो आणि आदल्या दिवशी अगदी नेमकी बसलेली जोडी सकाळी टोचायला लागते.