वारसाने आलेलं घर कर्ज काढून दुरुस्त करताय आणि भाड्याने द्यायचंय? या चुका टाळा

लोनच्या फाइली करून माझं पोट चालतं. त्यामुळे आईबाबांच्या मागे राहिलेलं घर आहे, थोडी डागडुजी करू, भाड्याने लावू, भाड्यातून हप्ता फिटेल, हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरचा पुढे कुठे अडकणार ते त्याने खुर्ची ओढायच्या आधीच कळतं. बेत चांगलाच असतो पण क्रम उलटा असतो, लोक आधी टाइल्स बघून येतात, मग बँकेत जातात आणि सगळ्यात शेवटी कपाटातून कागद काढतात. खालचं सगळं महाराष्ट्रातल्या घरांपुरतं धरा.

कागद बाबांच्याच नावावर असताना काम सुरू करणं

घरपट्टीवर मुलाचं नाव लागलं की मुलगा मालक झाला, असं अर्ध्या महाराष्ट्राला वाटतं. घरपट्टी, लाइटबिल, अगदी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावरचा फेरफार, यातल्या कशानेही मालकी मिळत नाही, ती नोंद कर कोणाकडून वसूल करायचा यासाठी असते. नॉमिनीचंही तेच. सोसायटीच्या फॉर्मवर तुमचं नाव असेल हो, पण त्याने बाकीच्या वारसांचा हिस्सा उडत नाही. बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढतो, म्हणजे घराचे जुने व्यवहार तपासतो, साधारण ३० वर्षं मागे जातो आणि पहिलं विचारतो, बाकीचे वारस कुठायत? "बहिणीचं काही म्हणणं नाही हो" हे उत्तर फाइलला लावता येत नाही. आणि मुलींना समान हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती २००५ ची, वडील त्याआधी गेले म्हणून वडिलोपार्जित घरात बहिणीला काही नाही, असं छातीठोक सांगणारे अजूनही भेटतात. सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात हा विषय संपवलाय, वडील तेव्हा हयात असण्याची अट नाही.

एका गिऱ्हाइकाचं सांगतो. दोन भाऊ, बहीण परदेशात. थोरल्याला भारी घाई. बँक वारसांचे कागद मागत बसली म्हणून याने मोबाइलवरून पर्सनल लोन उचललं, पैसे संध्याकाळपर्यंत खात्यात, आणि वर मलाच ऐकवलं की तुमच्या बँकांना धंदा करता येत नाही. बाथरूम फोडलं, जुनं वायरिंग उपटलं, हॉलची फरशी काढली आणि मग दिसलं की मागच्या खोलीचा स्लॅब गळतोय, सळ्या गंजून फुगल्यात, हात लावला की प्लास्टरचे पोपडे खाली. हे इस्टिमेटमध्ये नव्हतंच कारण इस्टिमेट काढताना वर कोणी चढलंच नव्हतं. पैसे संपले, स्वारी परत बँकेत.

बँक म्हणाली, तिघांच्या सह्या आणा. झालं, घरात बहिणीकडून हक्कसोडपत्र, म्हणजे तिचा हिस्सा सोडल्याचा कागद, घ्यायची टूम निघाली. बहिणीने तिकडच्या भारतीय वकिलातीत जाऊन मुखत्यारपत्र करायचं, ते इथे पोचलं की ३ महिन्यांच्या आत त्याची स्टॅम्प ड्युटी भरायची, मग हक्कसोड लिहून रजिस्टर करायचं. यात वहिन्या आणि मेहुणे पडले, नको ते जुने हिशोब निघाले. ठेकेदार वाट बघून दुसऱ्या साइटवर गेला, पाऊस लागला, हॉलमध्ये घोटाभर पाणी आणि सिमेंटच्या गोण्या दगड. भाडं शून्य, हप्ता चालू.

आणि यातलं हक्कसोडपत्र लागतच नव्हतं! बहीण फोनवर म्हणाली, मी हक्क सोडणार नाही, पण कर्जाच्या कागदावर सही करते. तिघंही सहकर्जदार झाले, तिच्या सहीसाठी मुखत्यारपत्र तेवढं कर्जाच्या कामापुरतं करून घेतलं, फाइल सरकली. घर गहाण ठेवायला बँकेला सगळ्या मालकांच्या सह्या पाहिजेत, मालक एकच असावा असा तिचा हट्ट नसतो. दुरुस्तीचं निमित्त करून बहिणीला हक्क सोडायला लावायची घाई मला मुळातच आवडत नाही, एकदा रजिस्टर झालं की ते कायमचं. त्यापेक्षा कोणी किती घातले आणि भाडं कसं वाटायचं हे एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. हिस्से ठरलेले असले की भाडंही ज्याच्या त्याच्या हिश्शाने ज्याच्या त्याच्या उत्पन्नात धरलं जातं.

बरं, पर्सनल लोन काही सुटलं नाही. आधी होऊन गेलेल्या कामाचे पैसे बँकेने दिले नाहीत, ते जुनं कर्ज तो वेगळंच फेडत बसला.

हप्ता भाड्यातून जाईल हे तोंडी गणित

कागदावर मांडा की राव. पर्सनल लोन १० लाख, १४ टक्के, ५ वर्षं, हप्ता साधारण २३,२७०. तेच १० लाख घर तारण ठेवून ९ टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतले तर साधारण १२,६७०. समजा भाडं १५ हजार. लोक दुसरा आकडा बघून खूश होतात. पण मी वर्षाला १० च भाडी धरतो, भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतं, रंग असतो, एजंट असतो. म्हणजे वर्षाचे दीड लाख आले आणि हप्ते गेले १ लाख ५२ हजार. स्वस्तातल्या कर्जालाही भाडं २ हजारांनी कमी पडतंय, घरपट्टी अजून धरलेलीच नाही. ज्याला हे गणित बघून राग येतो त्याने मॉड्युलर किचन रद्द करावं. फ्लोटिंग रेटचं, म्हणजे बदलत्या व्याजदराचं, होमलोन मात्र जमेल तसं आधी फेडा, स्वतःच्या नावावर कर्ज घेतलेल्या माणसाला त्यावर दंड लावता येत नाही.

बँकेचे सगळे पैसे एकदम मिळतील असं धरणं

दुरुस्तीचं कर्ज बहुतेक वेळा टप्प्याटप्प्याने मिळतं. आधी तुमचा स्वतःचा वाटा घालायचा, काम दिसलं पाहिजे, बँकेचा माणूस येऊन फोटो काढतो, मग पुढचा टप्पा. आणि ठेकेदाराला पाहिजे ॲडव्हान्स! या दोघांच्या मधे तुम्ही. म्हणून कर्ज मंजूर झालं तरी निदान एका टप्प्याइतकी रोकड हाताशी असल्याशिवाय घण मारू नका. आणि क्रम माझ्या पद्धतीने लावा, आधी गळती, मग पाइपलाइन, मग वायरिंग आणि अर्थिंग, दिसणारं सगळं शेवटी. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग केलं की पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या छताला ओल येते का ते बघूनच टाइल्स लावायच्या. ठेकेदार म्हणेल, साहेब गरज नाही. गरज आहे. मी सांगतो ते ऐकणाऱ्यांना शेवटची १० टक्के रक्कम एक पाऊस जाईपर्यंत धरून ठेवायला लावतो, ठेकेदार मला शिव्या घालतात, घालू देत.

भाडेकरूचं डिपॉझिट आगाऊ घेऊन काम संपवणं हा तर कहरच. ते परत द्यायचे पैसे आहेत, आणि तो घर सोडतो तेव्हाच नेमके आपल्याकडे नसतात.

आता बारीकसारीक.

नातेवाइकांकडून उसने घेताय तर चेकने किंवा ऑनलाइन घ्या. २० हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीत घेणं आयकर कायद्याला चालत नाही, दंड त्या रकमेइतका होऊ शकतो.

टॅक्समधे दुरुस्तीचा खर्च वेगळा वजा होत नाही. मालकाने भरलेली घरपट्टी भाड्यातून वजा करून जे उरतं त्याच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते, तुम्ही खर्च केला असो वा नसो. वरून भाड्याच्या घराच्या दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज वजा होतं, अगदी पर्सनल लोनचंही, पण ते पैसे घरातच लागले हे दाखवता आलं पाहिजे. त्यात तोटा दिसला तर जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत पगारासारख्या उत्पन्नातून वळता करता येतो, नव्या पद्धतीत नाही. मुद्दल फेडण्यावरची करसूट, जिला लोक ८०सी म्हणतात, ती विसरा, ती घर घेण्याला किंवा बांधण्याला आहे.

बिलं फेकू नका. पुढे घर विकलं तर सुधारणेचा भांडवली खर्च नफ्यातून वजा होतो, आणि "ठेकेदाराने कच्चं बिल दिलं" हे तेव्हा कोणी ऐकत नाही.

भाडेकरार नोटरी करून भागवू नका. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि रजिस्टरच पाहिजे, ती जबाबदारी मालकाची, नाही केला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरबसल्या ऑनलाइन होतो, तरी लोकांना कंटाळा.

फ्लॅट असेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः न राहता भाड्याने देतो म्हणूनचं शुल्क, लावणार, तेही हप्त्याच्या गणितात धरा. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे, त्याची प्रिंट काढून सेक्रेटरीकडे जा.