आकाशातून पडलेले दगड, शेंडेनक्षत्रे आणि लघुग्रह : या चुका टाळा

खानदेशात नांगरट सुरू झाली, की फाळाला लागलेला एखादा काळा, जड, गुळगुळीत दगड घेऊन कोणीतरी दारात येतो आणि विचारतो, "सर, हा आकाशातून पडलेला आहे का?" इतक्या वर्षांत माझ्याकडे आलेल्या अशा दगडांपैकी एकही तसा ठरलेला नाही. तरीही विचारणाऱ्याचे कुतूहल मला मोलाचे वाटते, कारण हा प्रश्न खानदेशात निराधार नाही. इ. स. १८४३ मध्ये एदलाबादजवळ, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरच्या परिसरात, मानेगाव येथे खरोखरच एक दगड आकाशातून पडला आणि त्याची नोंद जगभरच्या सूचींत 'मानेगाव' याच नावाने आहे. त्याच्याकडे पुढे वळू. आधी शब्द नीट वापरू या, कारण बहुतेक चुका शब्दांच्या गोंधळातून सुरू होतात.

सूर्याभोवती फिरणारा लहान खडकाळ पिंड म्हणजे लघुग्रह. बर्फ आणि धूळ यांचा बनलेला आणि सूर्याजवळ आल्यावर वायू व धूळ सोडू लागणारा पिंड म्हणजे धूमकेतू, ज्याला आपली आजी शेंडेनक्षत्र म्हणत असे. अशा पिंडांपासून सुटलेला कण वातावरणात शिरून क्षणभर उजळतो, ती उल्का. आपण 'तारा तुटला' म्हणतो तो हाच प्रकाश, आणि त्यात कोणताही तारा तुटत नाही. जळूनही जो भाग उरतो आणि जमिनीवर पोहोचतो, तो अशनी. म्हणून 'शेतात उल्का सापडली' हे वाक्यच चुकीचे आहे. उल्का दिसते आणि अशनी सापडतो.

दगड पारखताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे चुंबकावर पूर्ण विश्वास टाकणे. आपली जमीन दख्खनच्या बेसाल्टची आहे. या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे लोहखनिज असते, त्यामुळे दोऱ्याला बांधलेला शक्तिशाली चुंबक आपल्या बांधावरच्या साध्या दगडाकडेही ओढला जातो. जुन्या भट्टीतील धातुमळीला आणि वीटभट्टीत जास्त भाजून काळ्या, काचेसारख्या झालेल्या विटेच्या तुकड्यालाही तो कधी कधी चिकटतो. उलट बाजूनेही ही कसोटी फसते. मानेगावचा दगड डायोजेनाइट या प्रकारचा आहे आणि या प्रकारात धातुरूप लोखंड अगदी नगण्य असते. तो केवळ चुंबकाने पारखला असता, तर साधा दगड म्हणून बांधावर फेकला गेला असता.

दुसरी चूक छिद्रांची आहे. 'जळून भोके पडली आहेत, म्हणजे वरून आला असणार' असा समज सर्वत्र आढळतो, पण वस्तुस्थिती जवळजवळ याच्या उलट आहे. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे बेसाल्टमध्ये पोकळ्या राहतात आणि पुढे त्यांत झिओलाइटचे पांढरे, गुलाबी स्फटिक वाढतात. जळगाव परिसरातील खाणींचे असे स्फटिक जगभरचे संग्राहक जपून ठेवतात. अशनीत मात्र अशी छिद्रे फार क्वचित असतात. त्याच्या पृष्ठभागावर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात आणि नुकत्याच पडलेल्या अशनीवर जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा काळा वितळकवच, म्हणजे वितळून थिजलेला बाहेरचा थर, असतो. हा कवच जिथे उडालेला असतो, तिथे आतला रंग बहुधा फिकट दिसतो. आत-बाहेर सारखाच काळा असणारा दगड आपल्याकडे बहुतेक वेळा बेसाल्टच निघतो.

घरी करता येण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. चिनीमातीच्या कपाच्या बुडाशी झिलई नसलेली जी कडा असते, तिच्यावर दगड घासून पाहावा. तांबूस-तपकिरी रेघ उमटली तर ते हेमाटाइट हे लोहखनिज असण्याची शक्यता मोठी असते, आणि गडद काळी रेघ उमटली तर मॅग्नेटाइट. अशनीची रेघ बहुधा उमटतच नाही, किंवा फिकट राखाडी उमटते. मात्र ही परीक्षा जुन्या, नांगरटीत सापडलेल्या दगडासाठीच आहे. डोळ्यांदेखत काही पडले असेल, तर त्याला काहीही घासू नये आणि चुंबक तर मुळीच लावू नये, कारण दगडात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या चुंबकीय क्षेत्राची खूण जपलेली असू शकते आणि हातातल्या चुंबकाने ती क्षणात पुसली जाते. आधी जागेवरच छायाचित्र काढावे आणि मोबाइलवर ठिकाण नोंदवावे. मग स्वच्छ हातमोज्याने किंवा कोऱ्या अॅल्युमिनियम फॉइलने दगड उचलावा, धुऊ नये, हळद-कुंकू वाहू नये, आणि तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशातील अशनींचा मोठा संग्रह या संस्थेकडे कोलकात्यात आहे. श्रद्धेने तेल-शेंदूर लावलेला दगड अभ्यासाच्या दृष्टीने बराचसा वाया जातो, हे मी कोणालाही दुखवण्यासाठी नव्हे, तर कळकळीने सांगतो.

लोणारला जाऊन 'अशनीचे तुकडे' उचलून आणणारेही भेटतात. तेथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आघातानेच झाले आहे यात शंका नाही, पण आघात करणारा पिंड त्या उष्णतेत वितळून, वाफ होऊन गेला. काठावर दिसतात ते बेसाल्टचे आणि आघाताने वितळून थिजलेल्या बेसाल्टचेच तुकडे आहेत. शिवाय ते अभयारण्य आहे, तेथून काहीही उचलू नये.

'शेजारच्या शिवारात पडला'

तेजस्वी उल्का दिसली, की लोक बॅटरी घेऊन शेजारच्या गावाकडे धावतात. इथे अंतराचा अंदाज पूर्णपणे चुकतो. क्षितिजापासून १५ अंशांवर दिसलेली, ८० किलोमीटर उंचीवरची उल्का आपल्यापासून सुमारे ३०० किलोमीटर दूर असते. म्हणजे चोपड्याहून पश्चिमेला अशी उल्का दिसली, तर ती सुरतेच्याही पलीकडे, खंभातच्या आखातावर असेल. दुसरे असे की, पडणारा दगड जमिनीपर्यंत जळत येत नाही. हवेच्या रोधाने त्याचा वेग वरच संपतो, प्रकाश विझतो आणि शेवटचे वीसेक किलोमीटर तो अंधारात, साध्या दगडासारखा खाली येतो. त्यामुळे गंजी पेटली आणि तिथे दगड सापडला, या कथेवर सहसा विश्वास ठेवू नये. खरी उपयोगी खूण आवाजाची आहे. प्रकाश दिसल्यानंतर एक-दोन मिनिटांनी गडगडाट ऐकू आला, तर पिंड बराच खोल वातावरणात आला होता असे समजावे आणि प्रकाश व आवाज यांतील वेळ लगेच लिहून ठेवावी.

प्रकाश सावकाश, अर्धा-एक मिनिट, आकाशात आडवा सरकत गेला आणि त्याचे तुकडे एकामागोमाग चालताना दिसले, तर ती उल्का नसते. २ एप्रिल २०२२ च्या रात्री महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या अनेक भागांतून दिसलेले दृश्य चिनी रॉकेटच्या भागाचे होते, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूचे मोठे कडे सापडले. अशा वस्तूला हात लावू नये.

उल्कावर्षाव 'दिसलाच नाही'

ऑगस्टमधील ययाती उल्कावर्षावाची बातमी वाचून लोक गच्चीवर जातात आणि ढग पाहून परततात. खानदेशासाठी तो वर्षाव जवळजवळ व्यर्थ आहे. आपला वर्षाव १३-१४ डिसेंबरचा, मिथुनेचा. तेव्हा आकाश कोरडे असते आणि त्याचा उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या भासतात ती जागा, पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ, मध्यरात्रीनंतर जवळजवळ डोक्यावर येतो. याचा जनक, म्हणजे ज्याचे कण या उल्का होतात तो, फेथॉन हा धूमकेतू नसून लघुग्रह मानला जातो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते. दुर्बीण लावू नये, कारण तिचे दृश्यक्षेत्र फार लहान असते. उगमबिंदूकडेच टक लावू नये, मोबाइल खिशात ठेवावा आणि डोळे अंधाराला सरावण्यासाठी निदान वीस मिनिटे द्यावीत. 'ताशी १२० उल्का' हा आकडा आदर्श आकाशाचा असतो, गावच्या दिव्यांत त्याच्या निम्म्याही दिसत नाहीत. चंद्र आहे की नाही, हे आधी पंचांगात पाहावे. तोरणमाळ किंवा सातपुड्यातील पाल या गावासारखी जागा मिळाली, तर फरक लगेच जाणवतो.

धूमकेतूंबाबत दोनच गोष्टी सांगतो. तो झर्रकन जात नाही, रोज थोडा थोडा सरकत कित्येक दिवस दिसतो. आणि त्याची शेपटी त्याच्या मागे नसते, तर सूर्याच्या विरुद्ध दिशेला असते, त्यामुळे सूर्यापासून दूर जाताना तो शेपटी पुढे करून चालतो.

'पृथ्वीवर आदळणार' असा संदेश आला, तर

डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या २०२४ वायआर४ या लघुग्रहाची २०३२ मध्ये धडकण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३ टक्क्यांपर्यंत चढली आणि त्याच महिन्यात शून्याजवळ आली. अनेकांना वाटले, की काहीतरी दडपले गेले. प्रत्यक्षात कक्षेचे मोजमाप जसजसे नेमके होते, तसतसा संभाव्य मार्गांचा पट्टा अरुंद होतो. पृथ्वी त्या अरुंद पट्ट्यात अजून असेल, तर टक्का आधी वाढतो, आणि पट्टा सरकून पृथ्वी बाहेर पडली, की तो एकदम कोसळतो. 'संभाव्य धोकादायक' या शब्दाचाही अर्थ नीट घ्यावा. ज्या मोठ्या लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या सुमारे ७५ लाख किलोमीटरच्या आत येते, त्याला ते नाव मिळते, आणि हे अंतर चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ वीसपट आहे.

लघुग्रह शोधताना

पाठ्यपुस्तकातील चित्रामुळे मंगळ आणि गुरू यांच्यामधला पट्टा खडीच्या ढिगासारखा वाटतो. प्रत्यक्षात त्यातील सर्व पिंड एकत्र केले, तरी चंद्राच्या वस्तुमानाच्या सुमारे ३ टक्केच भरतील, आणि १९७२ मध्ये निघालेले पायोनियर १० यान त्यातून सुखरूप पार गेले. सर्वांत मोठा सेरेस १ जानेवारी १८०१ रोजी इटालियन खगोलशास्त्रज्ञ पियाझी यांना सापडला, तोही केवळ एक 'तारा' रोज थोडा सरकतो हे त्यांच्या लक्षात आल्यामुळे.

नवशिक्या निरीक्षकाची चूक नेमकी इथेच होते. तो द्विनेत्रीतून, म्हणजे दोन डोळ्यांच्या लहान दुर्बिणीतून, पाहतो, सगळे ठिपके सारखेच दिसतात, आणि तो निराश होतो. लघुग्रह ठिपकाच दिसणार, त्याला चकती नसते. व्हेस्टा हा लघुग्रह अनुकूल काळात अंधाऱ्या आकाशात साध्या द्विनेत्रीने सहज दिसतो. त्या दिवसांत नकाशावरून त्याची जागा काढावी, त्या भागातील सर्व ठिपके वहीत काढावेत आणि दोन-तीन रात्रींनी पुन्हा तेच चित्र काढावे. जो ठिपका जागा सोडून गेला, तो व्हेस्टा. डॉन यानाने २०११-१२ मध्ये त्याच्याभोवती फिरून जी निरीक्षणे केली, त्यांवरून डायोजेनाइट प्रकारचे दगड त्याच्याच कवचातून सुटलेले असावेत हे मत पक्के झाले. तापीकाठच्या शेतात उभे राहून तो ठिपका पाहणाऱ्याने मानेगावचा दगड बहुधा तिथून निघाला होता, एवढे वहीत तारखेशेजारी लिहून ठेवावे.