नाक्सोसच्या अपोलोनासला जाताना
ग्रीसमध्ये स्वस्तात निवांत राहायचं तर सँटोरिनी सोडा, नाक्सोस बेटाच्या उत्तर टोकाचं अपोलोनास गाठा. अथेन्स विमानतळावरून एक्स-९६ बसने पिरेअस बंदर, तिथून मोठ्या बोटीने साधारण साडेपाच तास. वेगवान बोट महाग, शिवाय वारा वाढला की आधी तीच रद्द होते. जुलै-ऑगस्टमध्ये ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा वारा सुटतो आणि अपोलोनासचा किनारा नेमका त्याच बाजूला उघडा, त्यामुळे लाटा थेट आत येतात. म्हणून सप्टेंबर बरा: पाणी अजून उबदार, खोल्यांचे भाव उतरलेले. बोट लागते त्या होरा या मुख्य गावातून बस डोंगरातून वळसे घेत दोनेक तासांत पोचते, पण दिवसाला मोजक्याच. बोटीशी वेळ जुळेलच असं नाही. पहिली रात्र होरातच काढा, औषधं आणि रोख युरो तिथूनच घ्या. खानावळीत घरची वाइन किलोवर मागतात. दोघांना ‘मिसो किलो’, म्हणजे अर्धा लिटर, पुरते. गावाच्या वर जुन्या खाणीत दहा मीटरहून लांब, अर्धवट कोरलेला संगमरवरी पुतळा आडवा पडला आहे. चालत जाता येतं. परतीची बोट मात्र विमानाच्या आदल्या दिवशीचीच धरा.