पुण्याच्या थंडीत घरच्या घरी पक्षी कसे पाहावेत

पक्षी पाहायला लागायचं असेल तर पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारीसारखे महिने नाहीत. झाडांची पावसाळी दाटी कमी झालेली असते, आकाश मोकळं असतं आणि उत्तरेकडचे पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात. कॅमेरा नसला तरी चालेल. गॅलरी, गच्ची, सोसायटीमागची मोकळी पट्टी यांपैकी एक जागा धरा आणि हिवाळाभर ती सोडू नका.

आधी पाणी ठेवा

पाऊस थांबून महिने झालेले असतात, त्यामुळे पाण्याला पक्षी हमखास येतात. कुंडीखाली ठेवतात तसली मातीची पसरट थाळी घ्या. मी सुरुवातीला स्टीलची परात ठेवली होती. बुलबुल काठावर यायचे, पाय घसरला की उडून जायचे. मातीची थाळी ठेवली, मध्ये एक खडबडीत दगड टाकला आणि तिसऱ्या दिवशी पहिली आंघोळ पाहायला मिळाली. लालबुड्या बुलबुल आधी दगडावर बसला, चारही बाजूंना मान वळवून पाहिलं, मग छाती बुडवली आणि पंख असे फडफडवले की शेजारच्या तुळशीवर शिंतोडे उडाले. नंतर तारेवर बसून दहा मिनिटं एकेक पीस चोचीतून ओढून नीट लावत होता.

पाणी दोन इंचांहून खोल नको, कडेला तर अर्धा इंचच असावं. ते रोज बदला आणि नारळाच्या शेंडीने थाळी घासा. साबण वापरू नका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, म्हणून यात हयगय नको. थाळी झुडपाला अगदी खेटून ठेवली तर मांजर दबा धरून बसतं, म्हणून चार-पाच फूट अंतर ठेवा.

दाणे नकोत, झाडं लावा

ज्वारी-तांदूळ टाकले की कबुतरं जमतात आणि बाकीचे निघून जातात. कबुतरांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसांनाही वाईट. फरसाण, पाव, शिळा भात यांतलं काहीच पक्ष्यांचं अन्न नव्हे. त्याऐवजी कुंडीत जास्वंद, कोरांटी लावा. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्या खुडू नका. कीटकनाशक तर मुळीच फवारू नका. शिंपी आणि नाचण हे पक्षी पानांवरचे किडेच वेचायला येतात.

कोरांटीवर शिंजीर येईल. त्याच्याकडे हिवाळाभर लक्ष ठेवा, कारण हा पक्षी तुमच्या डोळ्यांदेखत कपडे बदलतो. डिसेंबरच्या सुमारास नर मादीसारखाच फिकट पिवळा असतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर रेघ असते. पुढे अंगावर गडद ठिपके उमटू लागतात आणि फेब्रुवारीच्या सुमारास उन्हात तो निळाजांभळा चमकताना दिसतो.

सकाळी अर्धा तास बसा

जानेवारीत पुण्यात सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. तेव्हापासून साडेआठपर्यंतची वेळ उत्तम. शाल घ्या, चहा घ्या, ऊन पाठीवर येईल असे बसा. दुर्बीण घ्यायचीच असेल तर ८ × ४२ ची घ्या. आठपट मोठं दिसतं आणि हातही फार थरथरत नाही. पण पहिला महिना नुसत्या डोळ्यांनी पाहा, असं मी आग्रहाने सांगेन.

रंगाआधी वागणं पाहा. कुंपणाच्या भिंतीवर एक छोटा पक्षी बसला आहे, टुणकन जमिनीवर उतरून किडा उचलतो, परत भिंतीवर जातो आणि शेपूट सारखी थरथरवतो, तर तो थिरथिरा. नर काळा, पोट विटकरी; मादी मातकट. दोघांचीही शेपूट विटकरी. हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून तो इथे थंडी काढायला येतो. गच्चीवर शेपूट वरखाली हलवत तुरुतुरु चालतो तो धोबी, तोही बहुधा पाहुणाच. झुडपातून ‘चक्, चक्’ आवाज येतो पण कोणी दिसत नाही, तेव्हा आत एखादा मातकट वटवट्या असतो. दिसेपर्यंत धीर धरा. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बाहेर काढू नका. दुसरा नर घुसला असं वाटून तो नाहक दमतो.

वहीत तारीख, वेळ, जागा आणि पक्षी काय करत होता एवढं लिहा. नाव कळलं नाही तरी लिहाच.

संध्याकाळी दहा मिनिटं पुरतात. पोपटांचे थवे झाडाकडे परततात, अंधार पडताना पिंगळ्याची चिरचिर सुरू होते, वडा-पिंपळांतून मोठी वटवाघळं निघतात.

संक्रांतीच्या दिवसांत

नायलॉन मांजावर बंदी आहे, तरी झाडांत तो अडकलेला सापडतो. हाताला येईल तेवढा गोळा करून कापून टाका. जखमी पक्षी दिसला तर अलगद फडक्यात घेऊन, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

एखाद्या रविवारी हडपसरपुढे सोलापूर रस्त्यावर कवडीपाटला पहाटे जा. मुळा-मुठेच्या पात्रात चक्रवाकांच्या केशरी जोड्या आणि लालसर लांब पायांचे शेकाटे दिसतील. पाण्यातला प्लास्टिकचा कचराही दिसेल. तोही वहीत लिहा.

फेब्रुवारीच्या मध्याला जगभर चार दिवस घरच्या अंगणातले पक्षी मोजतात. एका जागी किमान पंधरा मिनिटं बसून केलेली यादी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली की झालं. तोवर तुम्हाला पंधरा-वीस पक्षी नक्की ओळखता येत असतील.

मार्च संपता संपता कधीतरी भिंतीवर थिरथिरा दिसेनासा होतो. शेवटचा दिसला ती तारीख वहीत लिहून ठेवा, आणि सप्टेंबर अखेरपासून रोज सकाळी एकदा त्याच भिंतीकडे पाहायला लागा.